लाटेने आणलेले पाणी कोठे जाते?

कळंगूट किंवा कोलवा येथील पुळणीवर उभे राहून समुद्राकडे पाहणाऱ्यास असे वाटते की, समोरून येणारी प्रत्येक लाट दूरचे पाणी उचलून आपल्या पायांशी आणून ओतीत आहे. हा समज बहुतांशी चुकीचा आहे. लाटा जेथे फुटतात त्याच्या पलीकडे एखादा नारळ तरंगत असेल, तर त्याच्याकडे नीट पाहावे. लाट आली की तो वर चढतो व थोडा पुढे सरकतो. लाट गेली की खाली उतरतो व मागे येतो. पिकलेल्या भातशेतीवरून वाऱ्याची लहर धावत जाते, पण लोंब्या जागच्या जागीच राहतात, तसाच हा प्रकार होय. लाटेबरोबर पुढे जाते ती मुख्यतः शक्ती, पाणी नव्हे.

तथापि पाणी मुळीच पुढे जात नाही, असेही नाही. लाटेखालील पाण्याचा कण ज्या मार्गाने फिरतो, तो मार्ग पूर्णपणे मिटत नाही. दर फेऱ्यास कण किंचित पुढे सरकतो. केंब्रिजचे गणितज्ञ जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी १८४७ साली हे दाखवून दिले.

उथळ पाण्यात या गोष्टीला विशेष महत्त्व येते. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. पुढे उथळ होत जाणाऱ्या पाण्यात तिचा वेग मंदावतो, लांबी घटते आणि उंची वाढते. अखेरीस खोली लाटेच्या उंचीहून थोडीशीच अधिक उरली, म्हणजे माथा पुढे कोसळतो व लाट फुटते. फुटताना ती आपला आवेग पाण्याच्या अंगी घालते आणि त्यास किनाऱ्याकडे रेटते. परिणामी काठालगतच्या पाण्याची पातळी बाहेरच्या समुद्राहून किंचित उंच होते. या रेट्याचे गणित मायकेल लाँगेट-हिगिन्स व रॉबर्ट स्ट्यूअर्ट या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत मांडले.

आता प्रश्न असा की, काठाशी साचलेले हे पाणी जाते कोठे? काही पाणी तळालगत मागे फिरते. लाटा किनाऱ्याशी तिरक्या येत असतील, तर पाणी काठाच्या कडेकडेने वाहू लागते. समुद्रस्नान करून बाहेर आल्यावर आपले कपडे ठेवलेली जागा बरीच दूर राहिल्याचा अनुभव पुष्कळांना असेल. तो याच प्रवाहाचा प्रताप. हा प्रवाह वाळूही वाहून नेतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासला बंदराच्या भिंती समुद्रात घातल्या गेल्या, तेव्हा दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणारी वाळू त्यांच्यापाशी अडली. दक्षिणेस मरीनाची पुळण रुंदावत गेली. उत्तरेकडील किनारा मात्र वाळूअभावी झिजू लागला.

तिसरी वाट सर्वांत घातक आहे. किनाऱ्यापासून काही अंतरावर पाण्याखाली वाळूचे लांबट उंचवटे असतात. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील मोठ्या लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात व असे उंचवटे रचतात. त्यांच्यावर लाटा फुटतात आणि पाणी आत येते; मग जेथे दोन उंचवट्यांमध्ये खिंड असते, तेथून ते अरुंद धारेने वेगाने समुद्राकडे परतते. एरवी हा प्रवाह माणसाच्या चालण्याहून मंद असतो, परंतु कधी कधी तो सेकंदास दोन मीटरांहूनही अधिक धावतो. मग पट्टीच्या पोहणाऱ्याचेही त्याच्यापुढे चालत नाही.

यातील फसवणूक ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खिंडीत पाणी खोल असल्यामुळे तेथे लाटा फारशा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंस पांढरा फेस उसळत असताना मधला पट्टा काळसर व शांत दिसतो. नवखा माणूस हीच जागा सुरक्षित समजून नेमका तेथे उतरतो!

हा प्रवाह माणसास खाली ओढीत नाही. तो त्यास बाहेर नेतो, आणि लाटा फुटण्याच्या रेषेपलीकडे बहुधा त्याचा जोर ओसरतो. माणूस बुडतो तो मुख्यतः घाबरून, प्रवाहाविरुद्ध झगडून थकल्यामुळे. म्हणून अशा प्रसंगी धीर सोडू नये. अंग सैल सोडून तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी, आणि पोहता येत असल्यास काठाशी समांतर दिशेने धारेबाहेर पडावे. नंतर फुटत्या लाटांच्या साहाय्याने किनारा गाठावा. दुसऱ्यास वाचविण्यासाठी रिकाम्या हाताने उडी घेऊ नये; तरंगणारी वस्तू त्याच्याकडे फेकावी व जीवरक्षकास हाक मारावी. पावसाळ्यात तर पाण्यात उतरूच नये.

पुढच्या वेळी पुळणीवर जाल तेव्हा पाण्यात पाय घालण्यापूर्वी पाच मिनिटे उभे राहून नुसते पाहा. लाटा कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, फेस कोणत्या बाजूस वाहतो, हे पाहा. आलेले पाणी कोणत्या वाटेने परतते हे ज्यास कळले, त्यास समुद्राची भीती वाटण्याचे कारण नाही. आणि त्याच्याशी पोरखेळ करण्याची बुद्धीही त्यास होणार नाही.