कौलांवर पॅनेल ठेवण्यापूर्वी

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे गाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते राजवाडी होळीमुळे. सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून आलेली माणसे रात्रभर ढोलाच्या तालावर नाचतात आणि पहाटे उंच बांबूची होळी पेटते. डोंगरवाऱ्यात तो बांबू ताठ उभा राहावा यासाठी खड्डा किती खोल हवा, हे तेथील माणसांना कोणा अभियंत्याने शिकवलेले नाही. या गावच्या घरांवर सौर पॅनेल बसवण्याचा विचार करताना हेच शहाणपण आधी आठवले पाहिजे. दुर्दैवाने आपली सारी चर्चा किलोवॅट आणि अनुदान यांच्याभोवतीच फिरते.

घरगुती छतांवरील सौरविजेसाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये योजना सुरू केली. तीत २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३० हजार, तर ३ किलोवॅट व त्यापुढे ७८ हजार रुपये अनुदान ठरले. योजना स्वागतार्हच आहे. तथापि ‘छत’ म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर शहरातील सिमेंटचा सपाट स्लॅब असावा, अशी शंका येते. सातपुड्यातील जुन्या घराचे छत म्हणजे लाकडी खांब, आढे, बांबूचे वासे आणि त्यांवर रचलेली कौले.

अशा घराबाबत पहिली भीती व्यक्त होते ती वजनाची. वस्तुतः पॅनेलचा भार चौरस मीटरला अकरा-बारा किलोच असतो. कौलांचे ओझे त्याच्या काही पट असते. खरा वैरी वारा आहे. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात महाराष्ट्राच्या अंतर्भागातील बऱ्याच ठिकाणांसाठी मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरला आहे. या वेगाला वाऱ्याचा दाब चौरस मीटरला नव्वद किलोच्या आसपास जातो. तिरपे पॅनेल शिडासारखे वारा धरते; वारा खालून शिरतो, वरून ओढतो आणि छपराच्या कडांशी व कोपऱ्यांशी ही ओढ सर्वांत तीव्र असते. म्हणजे सांगाड्याचे मुख्य काम पॅनेल तोलून धरणे हे नव्हे, तर ते उडू न देणे हे आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने रायगडात काय केले, हे ज्यांनी पाहिले त्यांना हा हिशेब फार समजावून सांगावा लागणार नाही.

स्लॅबवर सिमेंटचे जड ठोकळे ठेवता येतात किंवा बोल्ट रोवून भोके नीट बुजवता येतात. पत्र्याच्या घरात स्क्रू नुसत्या पत्र्यात पिळून भागत नाही. तो खालच्या आडव्या पाइपात किंवा लाकडात रुतला पाहिजे, आणि पत्र्याच्या उंचवट्यावरूनच गेला पाहिजे, कारण पाणी वाहते ते खोलगट भागातून. रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो आणि गळती सुरू होते. खाली वर्षभराची ज्वारी किंवा मका साठवलेला असेल, तर ती गळती विजेच्या बचतीहून महाग पडते.

कौलारू घराची गोष्ट याहून निराळी आहे. सागाच्या वाशांचे घर असेल, तर कौल उचलून वाशाला लोखंडी आकडा जखडावा आणि कौल पुन्हा बसवावे, ही रीत चालू शकते. बांबूच्या वाशाला मात्र स्क्रू मारला की तो उभा चिरतो. शिवाय अडचण केवळ बळकटीची नाही. हे छप्पर दरवर्षी उघडले जाते! पावसाळ्याआधी शाकारणी होते. कौले उतरतात, फुटकी बदलली जातात, कुजलेला वासा निघतो. पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. त्या काळात हे घर निदान पंचवीस वेळा शाकारले जाणार. वर लोखंडी सांगाडा बसल्यावर घरधन्याने चढावे कोठून आणि कौले फेरावी कशी, याचा विचार कंत्राटाच्या कागदात कोण करतो?

आमच्या मते अशा घरांसाठी पॅनेल छपरावर चढवण्याचा हट्ट सोडावा. घरालगतच्या मोकळ्या जागेत, झाडाची सावली चुकवून, काँक्रीटच्या पायात जस्त चढवलेले खांब रोवावेत. त्यांवर दक्षिणाभिमुख, सुमारे वीस अंश कललेली पॅनेले बसवावीत. गुरांच्या शिंगांपासून आणि पोरांच्या चेंडूपासून ती पुरेशी उंच असावीत, पण पुसता येणार नाहीत इतकी नव्हेत. पाया व खांबांचा खर्च वाढेल, हे खरे. तो घरधन्याच्या माथी न मारता अनुदानात धरावा. जेथे जस्ताच्या खांबाला वेल्डिंग होईल तेथे जस्त जळते आणि पहिल्या पावसातच गंज धरतो, म्हणून जोड नट-बोल्टचे असावेत. सांगाड्याला अर्थिंग हवेच. मृगाच्या आगेमागे या डोंगरांत विजा कशा कोसळतात, हे येथील गुराख्यांना विचारावे.

आणि कंत्राटदाराच्या देयकाचा शेवटचा हप्ता पहिल्या पावसाळ्यानंतर द्यावा. त्याचा माणूस दिवाळीपूर्वी पाना घेऊन पुन्हा गावात यावा, प्रत्येक बोल्ट आवळून पाहावा, आणि घरच्या बाईने ‘गळत नाही’ असे सांगितल्यावरच कागदावर अंगठा किंवा सही घ्यावी.