दवंडीपासून नोटिशीपर्यंत : संग्रामपूरच्या घरमालकाची भाषा

१. विषयाची मर्यादा

गावात घर असलेल्या माणसाला आपल्या वस्तीची बातमी कशी कळते, आणि जी भाषा ती घेऊन येते ती त्याला कितपत समजते, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घ्यावयाचा आहे. पाणी केव्हा सुटणार, पट्टी किती वाढली, दिवाबत्तीची व नालीची तक्रार कोठे करावयाची, हरकतीची मुदत कधी संपते, या बातम्या दिसावयास किरकोळ असतात. परंतु घरमालकाचा राज्यसंस्थेशी जो नित्याचा संबंध येतो तो बव्हंशी याच बातम्यांतून येतो. बोलीच्या अभ्यासकाने लोकगीते आणि म्हणी गोळा कराव्यात हे योग्यच आहे. त्याबरोबर भिंतीवर चिकटविलेल्या नोटिशीकडेही त्याने पाहावे, असे सुचविण्याचा येथे हेतू आहे.

उदाहरणासाठी बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर व त्याचा तालुका घेतला आहे. उत्तरेस सातपुड्याचा पायथा आणि दक्षिणेस पूर्णेचे खोरे असा हा वऱ्हाडचा भाग होय. संग्रामपूर हे तालुक्याचे ठाणे पूर्वी ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली होते. आता तेथे नगरपंचायत आहे. राज्यघटनेच्या १९९२ सालच्या ७४ व्या दुरुस्तीने ग्रामीण क्षेत्राकडून नागरी क्षेत्राकडे संक्रमण करणाऱ्या वस्तीसाठी ही संस्था निर्माण केली. संक्रमण हा शब्द भाषेच्या दृष्टीनेही येथे नेमका लागू पडतो. गावाचा कारभार बदलला की त्याबरोबर घरमालकाने ऐकावयाचे व वाचावयाचे शब्दही बदलतात.

२. ऐकलेली बातमी

वऱ्हाडात गावातील एकेका वस्तीस वेटाळ म्हणतात. वेटाळणे म्हणजे वेढणे. एकमेकांना वेढून असलेल्या घरांचा समूह तो वेटाळ, अशी त्याची फोड सहज सुचते. वेटाळाला शासनाने आखून दिलेली हद्द नसते. कोण आपल्या वेटाळातला हे परस्परांच्या ओळखीवरून ठरते. कोणाच्या घरी मयत झाली, कोणत्या गल्लीत नाली तुंबली, हे वेटाळाला सांगावे लागत नाही. याउलट प्रभाग ही हद्द निवडणुकीसाठी आखलेली असते. नगरपंचायतीत असे सतरा प्रभाग पडतात. प्रभागाला क्रमांक असतो, वेटाळाला नाव असते. दोन्ही शब्द जागेचेच निदर्शक असले, तरी त्यांचे व्याकरण भिन्न आहे. ‘तुमचा वेटाळ कोणता’ असे विचारल्यास म्हातारी तत्काळ उत्तर देते. प्रभाग क्रमांक मात्र तिला मतदानाच्या दिवशी दुसऱ्या कोणाला तरी विचारावा लागतो.

या वेटाळांपर्यंत बातमी नेण्याचे जुने साधन दवंडी. दवंडीच्या वाक्यरचनेकडे लक्ष दिले तर तिच्या चार गोष्टी ध्यानात येतात. आरंभी संबोधन असते. त्याने ऐकणारा सावध होतो. नंतर कोणाच्या हुकमाने हे सांगितले जात आहे त्याचा उल्लेख होतो. मग दिवस व वेळ येते, तीही ‘उद्या सकाळी’, ‘बाजाराच्या दिवशी’ अशी ऐकणाऱ्याच्या कालगणनेतील. शेवटी आज्ञार्थी क्रियापद : या, भरा, न्या, सोडू नका. वाक्ये तोकडी असतात, कारण सांगणाऱ्याचा दम तेवढाच असतो. आणि तीच वाक्ये दर वळणावर पुन्हा उच्चारली जात असल्याने एकदा निसटलेला शब्द दुसऱ्यांदा सापडतो.

तथापि दवंडीचे गोडवे गाऊन थांबणे योग्य होणार नाही. दवंडी देण्याचे काम महाराष्ट्रात अनेक ठिकाणी गावकामगार म्हणून महार समाजावर वतनाच्या नावाखाली लादलेले होते. जो सर्वांना बातमी सांगे त्याचीच वस्ती गावाबाहेर असे. शिवाय दवंडीचा पुरावा मागे उरत नाही. ‘आम्ही सांगितले होते’ आणि ‘आम्ही ऐकले नाही’ या दोन वाक्यांच्या वादात दुबळ्याचे वाक्यच हरते. लेखी नोटिशीने हा दोष काढून टाकला. ती तारखेसह उरते आणि कोणालाही पुढे करता येते. म्हणून लेखी भाषेकडे जाणे ही प्रगतीच होय. या वाटेत काय सांडले, ते मात्र पाहिले पाहिजे.

३. वाचावयाची बातमी

कर आकारणीच्या वेळी लागणाऱ्या नोटिशीचा नमुना साधारणतः पुढीलप्रमाणे असतो. मजकूर या लेखकाने रचलेला आहे. पण वाचकास तो ओळखीचा वाटेल.

‘सर्व मालमत्ताधारकांस कळविण्यात येते की, चतुर्वार्षिक कर आकारणीची यादी प्रसिद्ध करण्यात आली असून, त्याबाबत हरकत असल्यास ती विहित मुदतीत लेखी सादर करण्यात यावी, अन्यथा काहीएक म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल.’

हे एकच वाक्य आहे. यात कळविण्यात येते, करण्यात आली, सादर करण्यात यावी, गृहीत धरण्यात येईल अशी चार क्रियापदे असून चारही ठिकाणी कर्ता अदृश्य आहे. कोण कळवितो, कोणी यादी केली, कोणाकडे सादर करावयाचे, कोण गृहीत धरणार, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वाक्यात नाही. ही ‘-ण्यात येणे’ची रचना प्रशासकीय मराठीने इतकी आपलीशी केली आहे की तिच्यावाचून कागद सरकारी वाटत नाही. तिचा एक उपयोग आहे : अधिकारी बदलला तरी वाक्य बदलावे लागत नाही. परंतु ज्याला अर्ज घेऊन जावयाचे आहे त्याला खोलीचे दार लागते, आणि ते दार कर्त्याच्या नावावरच उघडते.

दुसरा दोष ‘विहित मुदती’चा. मुदत विहित आहे एवढेच वाक्य सांगते. तारीख सांगत नाही. तालुक्यातील एका ठिकाणी या लेखकाच्या समक्ष घडलेला प्रसंग येथे नमूद करणे अप्रस्तुत होणार नाही. अशीच एक नोटीस शाळकरी मुलगा आपल्या आजीला मोठ्याने वाचून दाखवीत होता. ‘विहित मुदतीत’ हे शब्द ऐकताच आजीने विचारले, “इहिरीचं काय म्हनते बाप्पा?” वऱ्हाडीत विहिरीचा उच्चार इहीर असा होतो, विहित हा शब्द त्या माउलीच्या कानावर आयुष्यात प्रथमच पडत होता. ऐकणाराने ओळखीच्या ध्वनीला ओळखीचा अर्थ दिला, यात भाषाशास्त्राच्या दृष्टीने नवल नाही. आम्ही सारे हसलो, तीही हसली. परंतु तिचे घर मातीचे असून आकारणीत ते विटांचे धरले गेले होते. घराच्या बांधणीवर पट्टी ठरते, हे तिला ठाऊक होते. हरकत घेण्याचा हक्क या कागदात होता, हे ठाऊक नव्हते. तो अर्थ उलगडला तेव्हा मुदत संपली होती. ज्या शब्दाला आम्ही हसलो त्याची किंमत तिने पुढे दरवर्षी पट्टीच्या पावतीवर भरली.

४. कागदांची नावे

नोटिशीनंतर कागद येतात आणि येथे गोंधळ अधिक गहन होतो. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील ‘नमुना ८’ ही कर आकारणीची नोंदवही. घर, त्याचे बांधकाम व त्यावरील कर तीत लिहिलेला असतो. महसूल खात्याचा ‘गाव नमुना ८-अ’ निराळा. एका खातेदाराच्या नावावर किती जमीन आहे ते त्यात दिसते. बोलताना लोक दोहोंनाही ‘आठ’ म्हणतात. संस्कृत शब्दाच्या आरंभीचा ‘अ’ नकार दाखवितो; येथील ‘अ’ केवळ अनुक्रमाचा. त्या एका अक्षराने कचेरी बदलते, विषय बदलतो, आणि चुकीच्या आठचा उतारा आणलेल्या माणसाचा एक दिवस व एका खेपेचे भाडे वाया जाते.

उतारा हा शब्दही पाहण्यासारखा आहे. मूळ वहीतून उतरवून घेतलेली नक्कल तो उतारा. विषावर किंवा दृष्ट लागल्यावर करावयाच्या उपायासही मराठीत उतारा म्हणतात. घराच्या तंट्यात सापडलेला मनुष्य ‘उतारा मिळाला म्हणजे झालं’ असे म्हणतो, तेव्हा हे दोन्ही अर्थ त्याच्या मनात एकत्र नांदत असावेत. दुर्दैवाने नमुना ८ चा उतारा हा उपाय अर्धाच आहे. ती नोंद कर वसूल करण्यासाठी असते; तेवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. त्याच नोंदवहीत मालकाचे नाव आणि भोगवटा करणाऱ्याचे नाव असे दोन वेगळे रकाने असतात. भोगवटा म्हणजे कायद्याच्या भाषेत प्रत्यक्ष ताबा व वापर. रोजच्या बोलण्यात भोग हे नशिबाचे असतात. पतीच्या मागे त्याच घरात राहणाऱ्या विधवेचे नाव केवळ भोगवट्याच्या रकान्यात असले, तर तिला घर आपले वाटते. कागद तसे म्हणत नाही. ‘घर दोघांचे’ या नावाने पतीबरोबर पत्नीचेही नाव घराच्या नोंदीत लावण्याची जी मोहीम राज्यात झाली, तिचे नाव या दृष्टीने आदर्श मानले पाहिजे. दोन शब्द, त्यांत एक षष्ठी, आणि अर्थाविषयी कोणाच्याही मनात शंका नाही.

गावठाणातील घरांना मालकीचा पक्का कागद मिळावा म्हणून पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावी २०१८ साली ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला. पुढे २४ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने ‘स्वामित्व’ योजना सुरू केली. हे नाव इंग्रजी आद्याक्षरे जुळवून केलेले असले, तरी वाचताना ते अस्सल तत्सम शब्द म्हणूनच उमटते. मोजणीनंतर हाती येणाऱ्या कागदास मात्र कोणी मिळकत पत्रिका, कोणी सनद, कोणी प्रॉपर्टी कार्ड म्हणतो. गाव नागरी झाले की घरपट्टीचा मालमत्ता कर होतो आणि ग्रामपंचायतीच्या अधिकाऱ्याऐवजी मुख्याधिकाऱ्याकडे जावे लागते. वस्तू जुन्याच राहून नावे नवी होतात, हा संक्रमणाचा भाषिक अर्थ.

५. पाण्याची वार्ता व ग्रामसभेची उणीव

घरमालकाच्या सेवांत या भागात पाण्याला अग्रस्थान आहे. तालुक्याचा पूर्णेकडील पट्टा खारपाणपट्ट्यात मोडतो. तेथील भूगर्भातील पाणी क्षारयुक्त असते. त्यामुळे वान नदीवरील धरणातून जळगाव जामोद व संग्रामपूर या तालुक्यांतील १४० गावांसाठी पाणीपुरवठा योजना आखावी लागली. जेथे अंगणातील विहीर पिण्यास कामास येत नाही, तेथे नळाची वेळ हीच मुख्य बातमी होते. ‘नयाले पानी आलं’ हे वऱ्हाडी वाक्य (ळ चा य, ण चा न, आणि ‘ला’ऐवजी ‘ले’) कोणत्याही फलकापूर्वी वेटाळभर पोहोचते. तेच ‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा खंडित राहील’ असे लिहिले की वाचणाऱ्याला खंडित समजते, तांत्रिक समजत नाही, आणि किती दिवस ते लिहिलेलेच नसते.

ग्रामपंचायतीच्या काळी अशा शंका विचारावयास ग्रामसभा होती. ती सर्वच ठिकाणी जागरूक होती असे नव्हे; पण तेथे कागदातला शब्द तोंडी होऊन येत असे आणि ‘म्हणजे काय’ असे उभे राहून विचारता येत असे. नगरपंचायत झाली की ग्रामसभा संपते. नागरी संस्थांसाठी क्षेत्रसभेची कल्पना २००९ साली राज्याच्या कायद्यात आली. तथापि ती ग्रामसभेइतकी लोकांच्या अंगवळणी पडलेली नाही. म्हणजे ज्या क्षणी भाषा अधिक अवघड झाली, नेमक्या त्याच क्षणी अर्थ विचारण्याची जागा गेली.

६. निष्कर्ष

कायद्याची भाषा काटेकोर असावी लागते, हा आक्षेप रास्त आहे. महाराष्ट्र शासनाने १९६० साली भाषा संचालनालय स्थापिले, १९६२ साली पदनाम कोश आला आणि १९६४ साली मराठीस राजभाषेचा कायदा मिळाला. या परिश्रमांवाचून आज कारभार मराठीत चालला नसता. परंतु काटेकोरपणा आणि दुर्बोधता यांचा अपरिहार्य संबंध नाही. वर दिलेलीच नोटीस अशीही लिहिता येईल :

‘तुमच्या घराची पट्टी किती ठरली त्याची यादी नगरपंचायतीत लावली आहे. येऊन पाहा. पट्टी चुकीची वाटली तर अमुक तारखेपर्यंत मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या व पोच घ्या. त्यानंतर अर्ज घेतला जाणार नाही.’

यात कायद्याचे काहीही गळलेले नाही. उलट तारीख, जागा व व्यक्ती यांची भर पडली आहे. दवंडीतील चारही गोष्टी येथे आहेत आणि कागदाचा पुरावाही आहे. अशी नोटीस वेटाळाच्या नावानिशी लावावी व एकदा मोठ्याने वाचली जावी, एवढीच सूचना आहे. मोठ्याने वाचताना जे वाक्य लिहिणाऱ्याच्याच तोंडात अडखळते ते ऐकणाऱ्याच्या कानात शिरणार नाही, ही कसोटी कोणत्याही कार्यालयात विनाखर्च लावता येते.

बोलीचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या नोटिसा जमवाव्यात, त्या गावकऱ्यांना वाचून दाखवाव्यात, आणि कोणता शब्द कोठे अडला याची नोंद करावी. अशा नोंदींतून बोलीचे ज्ञान वाढेल. कदाचित एखाद्या मातीच्या घराची पट्टी मातीच्या घराइतकीच राहील, आणि विहित या शब्दात कोणाला विहीर शोधावी लागणार नाही.