जुनी गाडी भंगारात देताना भाव कशाचा मागाल?

सोसायटीच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेली गाडी एकदाची काढायचं ठरतं. भंगारवाला येतो, गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि आकडा सांगतो. घासाघीस करून आपण हजार-दोन हजार वाढवून घेतो आणि सुटलो म्हणतो. हा उक्ता सौदा बहुतेक वेळा मालकाच्या तोट्याचा असतो, कारण घेणाऱ्याने मनात एकेका पार्टचा हिशेब मांडलेला असतो आणि देणाऱ्याने फक्त लोखंडाचा.

लोखंडाचा हिशेब सोपा आहे. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन दिलेलं असतं. जुन्या मारुती ८०० चं ते साडेसहाशे किलोच्या आसपास, पहिल्या वॅगन-आरचं आठशेच्या आसपास. समजा, तुमच्या भागात किलोला २५ रुपये भाव चालू आहे, तर आठशे किलोंचे २० हजार होतात. काच, फोम, प्लास्टिकचं वजन व्यापारी यातून वजा करतो आणि ते रास्तच आहे. उरते ती रक्कम म्हणजे सौद्याचा तळ. बोलणी तिथून वर सुरू व्हायला हवीत.

वर किती जायचं, हे गाडीच्या मॉडेलवर ठरतं. ज्या मॉडेलच्या गाड्या अजून रस्त्यावर भरपूर दिसतात, त्यांचे दरवाजे, हेडलाइट, आरसे, काचा, रेडिएटर, अल्टरनेटर यांना गिऱ्हाईक असतं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे पार्टवाले याच मागणीवर धंदा करतात. कमी खपलेल्या महागड्या गाडीचे पार्ट मात्र वर्षानुवर्षं रॅकवर पडून राहू शकतात, त्यामुळे तिची मूळ किंमत इथे फारशी कामाला येत नाही. नेहमीच्या मेकॅनिकला बरोबर घेऊन दहा-बारा पार्टांची यादी करा, प्रत्येकाची नवी किंमत आणि जुन्याचा चालू भाव विचारून घ्या. त्या यादीची पूर्ण बेरीज मात्र मागू नका. पार्ट काढणं, साफ करणं, सांभाळणं आणि कदाचित न खपणं, हे सगळं व्यापाऱ्याच्या अंगावर असतं.

शक्य असेल तर गाडी चालू करून दाखवा. बॅटरी उतरली असेल तर चार्ज करून घ्या. गाडी एका चावीत चालू झाली की सेल्फ, फ्युएल पंप आणि ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठीक असल्याचं तिथल्या तिथे दिसतं. एसी गार हवा देतोय म्हणजे कॉम्प्रेसर धड आहे. बंद गाडीतला प्रत्येक पार्ट घेणारा बिघडलेलाच धरतो. क्लच किंवा रेडिएटर अलीकडे बदलला असेल तर त्याचं बिल समोर ठेवा. टायरच्या बाजूला शेवटचे चार आकडे बघा: २३२२ असेल तर तो टायर २०२२ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला आहे. नक्षी शिल्लक असलेले, अलीकडचे टायर आणि अलॉय व्हील आधीच वेगळे विकून साध्या डिस्क बसवलेल्या बऱ्या. बॅटरी मेली असली तरी तिच्यातल्या शिशाला भाव आहे, ती गाडीबरोबर फुकट जाऊ देऊ नका.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे. इंजिन आणि सायलेन्सर यांच्यामध्ये हा पत्र्याचा फुगीर डबा असतो. आत चिनी मातीसारखी, हजारो बारीक छिद्रांची वीट असते आणि त्या छिद्रांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ थर असतो. धातू काही ग्रॅमच, पण तो सोन्या-चांदीच्या पंक्तीतला. मुंबईसह चार महानगरांत १ एप्रिल १९९५ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, म्हणजे आज भंगारात निघणाऱ्या पेट्रोल गाडीत तो बहुधा असणारच. कंपनीचा मूळ कन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचा नंबर टिपून ठेवा आणि त्याचा भाव वेगळा विचारा. बाजारातल्या स्वस्त पर्यायी डब्यात मौल्यवान धातू बराच कमी असतो. डबा हलवल्यावर खुळखुळ वाजला, तर आतली वीट फुटलेली आहे आणि भाव उतरणार.

एअरबॅग, सीटबेल्ट आणि ब्रेकचे पार्ट यांची किंमत यादीत धरूच नका. एअरबॅगमध्ये स्फोटक भरलेलं असतं आणि जुन्या ब्रेकवर कुणा अनोळखी कुटुंबाचा जीव अवलंबून राहू नये. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट लागते. मुदत संपलेली टाकी सुटी विकणं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत धोका बसवणं.

इंजिनाचं तसं नाही, त्याला किंमत आहे, पण त्याचा नंबर आरसीवर तुमच्या नावाने नोंदलेला आहे. कागदाशिवाय विकलेलं इंजिन चोरीच्या गाडीत सापडलं तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. म्हणून पूर्ण गाडी २०२१ च्या नियमांखाली नोंदणी झालेल्या स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी, हे माझं ठाम मत आहे. कोणते पार्ट आधी काढून घेतले तर चालतील, हे केंद्राला अगोदर विचारा. तिथे किलोमागे दोन रुपये कमी मिळाले तरी सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट मिळतं आणि ते नव्या गाडीच्या करात सवलत देतं. केंद्र सरकारच्या धोरणात खासगी गाडीसाठी ही सवलत २५ टक्क्यांपर्यंत आहे, राज्यागणिक ती बदलते. समजा नव्या गाडीचा कर १ लाख आहे, तर १० टक्के सवलतीचेही १० हजार होतात. स्वतः गाडी घेणार नसाल तर हे सर्टिफिकेट दुसऱ्याला विकता येतं.

विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्रही मागून घ्या, ते तीन वर्षं चालतं. फास्टॅग बंद करा. आणि पैसे खात्यात आले तरी काम संपलं असं समजू नका: आरटीओच्या नोंदीत तुमच्या गाडीची नोंदणी रद्द झाल्याचं स्वतः तपासा, तोवर कायद्याने गाडी तुमचीच आहे.