पायांनी पाहिलेली मुंबई

आपल्या धामनोदावरून जाणारा आग्रा–मुंबई रस्ता आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. घाट उतरून तो आपल्या गावाशी येतो, खलघाटाला नर्मदा ओलांडतो आणि पुढची वाट धरतो. काही वर्षांपूर्वी वर्गातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, हा रस्ता जिथे जातो ती मुंबई पाहायला किती दिवस लागतात?" काहीतरी सांगून मी वेळ मारून नेली. वास्तविक पदवीपर्यंतची तीन वर्षे मी मुंबईतच, गिरगावात मामांच्या बिऱ्हाडी काढली होती. परंतु ती मुंबई होती आगगाडीच्या खिडकीतली. दादर हे एक स्थानक, माहीम हे दुसरे. त्या दोहोंच्या मध्ये काय आहे, याचा मला पत्ता नव्हता.

मोठे शहर पायी पाहू म्हटले तर ते पुरे होत नाही, आणि वाहनातून पाहिले तर ते हाती लागत नाही. या दोहोंमधली गती धावण्याची. संथपणे धावणारा मनुष्य तासाला आठ-साडेआठ किलोमीटर जातो. एवढ्या वेगात दुकानावरची पाटी वाचता येते, भट्टीतून निघालेल्या पावाचा वास येतो, आणि मुख्य म्हणजे चढ-उतार कळतो. हा चढ-उतार मुंबईत फार बोलका आहे.

मुंबई ही मूळची सात बेटे, हे आपण भूगोलात वाचतो. कुलाबा, धाकटे कुलाबे, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. त्यांच्यामधली पाणथळ जागा दोनअडीचशे वर्षांत भरून काढण्यात आली. वरळी आणि महालक्ष्मी यांच्यामधल्या खिंडारातून भरतीचे पाणी थेट आत शिरत असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, हॉर्नबी हा गव्हर्नर असताना, तेथे बांध घालण्यात आला. पायधुणी, उमरखाडी ही नावे त्या पाण्याची आठवण आजही सांगतात. खाडी ओलांडून आलेले लोक जेथे पाय धूत ती पायधुणी, असे जुने लोक म्हणतात. माहीम आणि वांद्रे जोडणारा रस्ता १८४५ साली खुला झाला. त्यासाठी सर जमशेटजी जीजीभाई यांच्या पत्नी अवाबाई यांनी मोठी देणगी दिली होती. मरीन ड्राइव्ह तर विसाव्या शतकात समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर उभा आहे.

हे सारे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. पटले मात्र २०२४ च्या जानेवारीत, मुंबई मॅरॅथॉनमध्ये धावताना. ही शर्यत २००४ साली सुरू झाली. साथीमुळे २०२१ व २०२२ या वर्षी ती झाली नाही. पूर्ण अंतर ४२.१९५ किलोमीटर. हा विचित्र आकडा १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधला. विंडसरच्या राजवाड्यापासून क्रीडांगणातील राजघराण्याच्या आसनांपर्यंत मार्ग आखला, तो एवढा भरला; पुढे १९२१ मध्ये तेच अंतर कायम झाले. मधल्या काळात ते कमीजास्त होई. १९२० साली अँटवर्प येथे ४२.७५ किलोमीटर धावावे लागले, आणि त्या शर्यतीत आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटांत पोहोचून एकोणिसावे आले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानातून निघालेला हा धावपटू परक्या शहराच्या रस्त्यांवर काय पाहत गेला असेल, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

बोरीबंदरच्या भव्य स्थानकापुढून आम्ही पहाटेच्या अंधारात निघालो. मरीन ड्राइव्ह सपाट होता, कारण तो समुद्राचा तळ. चौपाटीशी मामा उभे होते. वय पंचाहत्तरीच्या पुढे. पहाटे उठून आले होते. मला पाहताच ओरडले, "सवकास धांव रे, पुता!" आमच्या कोकणीत सवकास म्हणजे सावकाश. मी हात हलवला आणि अधिकच जोराने धावलो.

चौपाटी सोडताच पेडर रोडचा चढ लागतो. येथे सपाटी संपते आणि जुन्या बेटाचा खडक पायांखाली येतो. उतरून हाजीअलीशी आले की पुन्हा सपाट, म्हणजे पुन्हा भरावाची जमीन. नकाशावर न दिसणारी ती बेटे माझ्या पोटऱ्यांनी एकेक करून मोजली. पुढे वरळी, आणि तेथून वांद्र्यापर्यंतचा सागरी सेतू. २००९ साली खुल्या झालेल्या या साडेपाच किलोमीटरांच्या सेतूवर एरवी पादचाऱ्याला मज्जाव असतो. उजवीकडे शहर, डावीकडे अरबी समुद्र. त्या वेळी नुकते उजाडू लागले होते. परतताना माहीमच्या बाजूला सुक्या मासळीचा वास आला. बरोबरच्या धावकांनी नाके मुरडली. मला घर आठवले.

शिवाजी पार्कच्या परिसरात घरोघरची माणसे रस्त्यावर येऊन पाणी, संत्री, केळी, मीठ देत होती. मी थांबलो नाही, ही दुसरी चूक. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण ३० किलोमीटरच्या सुमारास संपत येते. आरंभी जो घाई करतो त्याची ती आधीच संपते. मग पाय शिशाचे होतात. शेवटच्या सातआठ किलोमीटरांत तोच पेडर रोड उलट बाजूने चढावा लागतो. तेथे मी धावणे सोडले आणि कठडा धरून चालू लागलो.

चौपाटीवर मामा तसेच उभे होते. जवळजवळ चार तास. मला चालताना पाहून काही बोलले नाहीत, माझ्याबरोबर शंभरएक पावले चालले आणि हळूच विचारले, "वरळीक आतां कितें आसा रे?" मी चमकलो. पन्नास वर्षे मुंबईत राहिलेला हा मनुष्य घर आणि फोर्टातली कचेरी यांपलीकडे फारसा गेलाच नव्हता. आजारी मामी, तीन मुले, दोन खोल्यांचे बिऱ्हाड, जाणार केव्हा? त्या संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून मी त्यांना सारा मार्ग सांगितला. ते मध्येमध्ये थांबवून गल्ल्यांची नावे विचारीत होते, आणि काही मला सांगता आली नाहीत.

विद्यार्थ्यांनो, पूर्ण मॅरॅथॉनला अठरा वर्षांखाली प्रवेश नाही, आणि तुम्हांला तिची घाईही नाही. सुरुवात आपल्या महेश्वरच्या वाटेवर करावी. शेजारच्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने धावावे; बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. नव्या शहरात गेलात तर रविवारी पहाटे स्थानकावरून निघावे, नदी किंवा समुद्र ज्या बाजूला असेल ती बाजू धरावी, आणि चढ लागला की तेथे पूर्वी काय होते हे कोणा म्हाताऱ्या माणसाला विचारावे. ज्याने मला प्रश्न विचारला तो विद्यार्थी आता इंदुरास शिकतो. मागच्या सुट्टीत भेटला, तेव्हा खान नदीच्या काठाने राजवाड्यापर्यंत धावत गेल्याचे सांगत होता.