मनातले मांडे आणि मुंगेरीलाल

साहेब खेकसतो, घरी बोलणी खावी लागतात, खिसा रिकामा. पण मान जराशी तिरकी झाली, डोळे चमकले, की हाच बापुडवाणा कारकून क्षणात बडा साहेब होतो! सारे जग त्याच्यापुढे हात जोडून उभे राहते. आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी हाक मारते. स्वप्न फुटते, फाइल पुन्हा समोर येते.

आठवला ना मुंगेरीलाल? 1989 मध्ये दूरदर्शनवर आलेली 'मुंगेरीलाल के हसीन सपने' ही मालिका फार काळ चालली नाही. पण तिचे नाव मात्र भाषेत कायमचे राहिले. आपल्याकडे 'मनातले मांडे खाणे' म्हणतात, तसे हिंदीत आजही कोणाच्या अवास्तव बेतांना मुंगेरीलालची स्वप्ने म्हणतात. निवडणुका आल्या की पुढारी एकमेकांना हाच टोमणा मारतात!

ही मालिका लिहिली होती 'हम लोग' आणि 'बुनियाद'चे लेखक मनोहर श्याम जोशी यांनी. दिग्दर्शक होते 'दामुल'सारखा गंभीर चित्रपट करणारे प्रकाश झा. आणि मुंगेरीलाल झाला होता जबलपूरचा रघुवीर यादव.

अडीच रुपये रोज

नर्मदाकाठच्या जबलपुरात 1957 साली जन्मलेल्या रघुवीरला ओढ होती गाण्याची. त्यापायी तरुणपणीच त्याने घर सोडले आणि अन्नू कपूरच्या वडिलांच्या पारशी नाटक कंपनीत तो दाखल झाला. मजुरी अडीच रुपये रोज! तिथे त्याने सहा वर्षे काढली. मग दिल्लीचे राष्ट्रीय नाट्य विद्यालय गाठले आणि 1977 मध्ये तेथील शिक्षण पूर्ण केले. पुढे कितीतरी वर्षे तो तिथल्याच नाट्यमंडळीत रमला.

प्रदीप कृष्ण यांच्या 'मॅसी साहेब' (1985) या पंचमढीत चित्रित झालेल्या चित्रपटात इंग्रजी अमलातला एक भाबडा, स्वप्नाळू कारकून त्याने उभा केला. भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात त्याला उत्कृष्ट अभिनेत्याचा रजत मयूर मिळाला. म्हणजे मुंगेरीलालच्या आधीच त्याला कारकुनाचे मन ठाऊक झाले होते. म्हणूनच मुंगेरीलालला हसताना प्रेक्षकाला त्याची कीवही यायची. त्याच्यात प्रत्येकाला थोडेसे आपले घर, आपले ऑफिस दिसायचे.

चित्रातून पडद्यावर

2002 मध्ये सहारा वाहिनीवर रघुवीर चित्रकथांतला लाडका 'चाचा चौधरी' झाला. 'पीपली लाइव्ह' (2010) मधले महागाईवरचे गाजलेले गाणे त्याच्याच आवाजात आहे. जबलपूर सोडताना मनात धरलेली गाण्याची हौस अशी पडद्यावर भेटली. 2020 पासून 'पंचायत' मालिकेतला प्रधानपती म्हणून तर तो नव्या पिढीच्याही घरात शिरला. तीही मालिका चित्रित झाली आहे मध्य प्रदेशातल्याच एका खेड्यात.

मुंगेरीलाल खुर्चीत बसून स्वप्ने पाहायचा. त्याला साकारणारा मात्र स्वप्नापायी घर सोडून निघाला आणि अडीच रुपये रोजावर राबला. मांडे मनातले असोत की ताटातले, तवा तापवायला तर कोणीतरी उठावेच लागते!