रानभाजीतलं रान कोणतं?

परभणीकडे कुणाला "कुठं निघालास?" विचारलं आणि "रानात" असं उत्तर आलं, तर तो शेताला निघालाय असं समजायचं. पुण्या-मुंबईच्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढे मात्र लगेच झाडी आणि बिबट्या उभा राहतो. आमच्याकडे रान नांगरतात, रान भिजवतात, एखादं वर्ष रान पडीक ठेवतात. उत्तरेला जिंतूरकडची टेकाडं आणि दक्षिणेला गंगाखेड-पालमकडचा बालाघाटाचा डोंगर सोडला, तर जिल्ह्यात जंगल नावालाच आहे. बाकी सगळी गोदावरी, पूर्णा, दुधना यांच्या खोऱ्यातली काळी जमीन, आणि ती जवळपास सगळी वहितीखाली.

हे आधी सांगायचं कारण असं की, हुडकून-वेचून खाण्याबद्दलचे आपले निम्मे गैरसमज या एका शब्दापासून सुरू होतात.

"रानभाज्या म्हणजे जंगलाची देणगी." ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात, तेव्हा हे वाक्य हमखास कानावर पडतं. सह्याद्रीत किंवा मेळघाटात ते पुष्कळसं खरंही आहे. परभणीच्या ताटात येणाऱ्या भाज्या मात्र पाहा: तरोटा, कुंजर, घोळ, चिघळ, तांदुळजा, पाथरी, केना, कुर्डू. (पाथरी तालुक्याचं नाव या भाजीवरून पडलं असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या, गावकरी ते पार्थपूरवरून सांगतात.) यातल्या बहुतेक वनस्पतींना दाट जंगल मानवत नाही. त्यांना उकरलेली माती आणि मोकळं ऊन लागतं. वखर फिरला, पाऊस पडला की मातीत दडलेलं बी वर येतं. म्हणजे या भाज्या माणसाच्या शेतीमागे चालत आलेल्या आहेत. शेतकरी त्यांना तण म्हणतो आणि खुरपणाऱ्या बाया भाजी म्हणतात; झाड तेच.

घोळीचं उदाहरण बघण्यासारखं आहे. खुरप्यानं उपटून बांधावर टाकलेली घोळ दोन-तीन दिवस उन्हात पडली तरी मरत नाही. जाड, लालसर देठात पाणी धरून ठेवते, त्या पाण्यावर फुलं पिकवते, बी सांडते, आणि एखादी सर आली तर पडल्या जागी मुळं धरते. तुर्कस्तानात ती दह्यात कालवून खातात, मेक्सिकोत मांसाबरोबर शिजवतात. आमच्याकडे मुगाची डाळ घालून. तिला गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की, ओमेगा-3 या गटातली स्निग्धाम्लं पालेभाज्यांमध्ये क्वचितच एवढी सापडतात. पण "रानभाजी औषधी, कितीही खा" हेही खरं नाही. याच घोळीत ऑक्झलेट भरपूर असतं. मुतखड्याचा त्रास असलेल्यानं ती रोज ओरपू नये.

दुसरा समज: "हुडकून खाणं म्हणजे निवांत भटकायचं, सापडलं ते खुडायचं." लहानपणी माझाही हाच समज होता. सुट्टीत मी खुरपणाऱ्या बायांच्या मागं मागं चालायचो. त्या ओळीनं बसलेल्या, उजव्या हातात खुरपं, आणि डावा हात मधेच एक कोवळा शेंडा खुडून ओच्यात टाकायचा. एका जागी कुंजर दाट आली होती. त्यांच्यातल्या एका मावशींनी वरवरची मूठभर खुडली आणि पुढं सरकल्या. मी म्हणालो, अजून पुष्कळ आहे की इथं. त्या म्हणाल्या, "राहू दे, पुढं कोवळी हाय. हितं बसून जून पानं निवडीत बसू का?"

त्यांनी एका वाक्यात सांगितलं ते शास्त्रज्ञांनी 1960-70 च्या दशकांत गणितात मांडलं. प्राणी काय खातील हे त्या अन्नातून मिळणारी ऊर्जा आणि ते मिळवायला लागणारा वेळ यांच्या हिशोबावर ठरतं, असं 1966 मध्ये मॅकआर्थर आणि पियांका यांनी मांडलं. 1976 मध्ये चार्नोव यांनी पुढचा प्रश्न सोडवला: एका जागेवरचं अन्न कधी सोडायचं? संपल्यावर नव्हे. तिथं मिळण्याचा वेग एकूण सगळ्या शिवारात सरासरी मिळतं त्याच्या खाली घसरला की उठायचं. पुढची जागा लांब असेल तर जास्त वेळ बसायचं, जवळ असेल तर लवकर उठायचं. मधमाशी फुलाशी, चिमणी खळ्यावर आणि मावशी कुंजरीच्या वाफ्यात हेच करतात. मावशींच्या हिशोबात आणखी एक गोष्ट होती: मजुरीची पात मागं पडली तर मालक बोलणार. तो भाग चार्नोवच्या सूत्रात नाही.

ज्यांना आपण सरसकट "भटके" म्हणतो, त्यांच्याबद्दल तर हा गैरसमज अन्यायाचाच ठरला. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी पारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो 1952 मध्ये पुसला गेला, कागदावर तरी. कैलाशचंद्र मल्होत्रा, खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या तीन भटक्या समाजांच्या शिकारीचा अभ्यास केला आणि तो 1983 मध्ये छापून आला. एकाच माळावर फिरणाऱ्या या तिघांनी शिकार वाटून घेतलेली होती. फासेपारधी फास लावून काळवीट आणि तित्तिर धरत. वैदूंचे सापळे मुंगूस, उदमांजर अशा लहान जनावरांसाठी. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीच्या मागं. एकाच्या तोंडचा घास दुसऱ्यानं घ्यायचा नाही, हे शतकानुशतकं ठरलेलं. फासात गाभण हरणी किंवा पाडस सापडलं तर फासेपारधी ते सोडून देत, असंही गाडगीळांनी नोंदवलं आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद झाली, आणि ती बंद व्हायलाच हवी होती. पण माळ ज्यांनी विकत घेतला, नांगरला, त्यांना कुणी चोर म्हटलं नाही.

"जनावराला सगळं कळतं. ते खातं ते माणसानं डोळे झाकून खावं." हा समज नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे.

ज्वारीच्या मुलखात याचा पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. ज्वारीच्या कोवळ्या पानांत धुरिन नावाचं द्रव्य असतं. पान चावलं, चिरडलं की त्यातून हायड्रोसायनिक आम्ल सुटतं. पावसानं ताण दिल्यानं खुरटलेलं पीक आणि कापणीनंतर फुटलेला खोडवा यांत ते जास्त. दिवसभर उपाशी राहिलेली गाय दावं तोडून अशा रानात शिरली, तर भराभर चरते आणि कधी कधी अर्ध्या-एक तासात आडवी होते. तिला कळत असतं तर ती चरली नसती. पीक फुलोऱ्यात आलं की विष कमी होतं, कडबा वाळल्यावर तो बिनधोक असतो. हा हिशोब जनावराला येत नाही, गुराख्याला येतो.

उलटही आहेच. शेळी रुईची पानं ओरबाडते. आपण रुईचा चीक डोळ्यात जाऊ देत नाही. पाखरांनी चोच मारलेलं फळ माणसाला चालतंच असंही नाही. प्रत्येकाचं पोट वेगळं.

आणि माणसाला तरी आपोआप कळतं का? तरोट्याचा एक सख्खा चुलतभाऊ आहे, कासविंदा. दोघं पावसाळ्यात बांधावर आणि गावकुसाबाहेर शेजारी उगवतात. पश्चिम उत्तर प्रदेशात वर्षानुवर्षं पावसाळा सरता सरता लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत होती; मेंदूज्वराचा विषाणू असेल म्हणून सगळे शोधत राहिले. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ विपिन वशिष्ठ आणि वेल्लोरचे टी. जेकब जॉन यांनी 2007 च्या सुमारास दाखवून दिलं की, मुलं खेळता खेळता कासविंद्याच्या शेंगांतलं बी खात होती. यकृत, स्नायू आणि मेंदू, तिन्हींवर ते बी घाला घालतं.

फरक ओळखता येतो, कुणीतरी एकदा दाखवावा लागतो. माझ्या हातातली काडी बघून आजी ओरडली होती, "काय खुडायलास? तरोटा नाही तो, टाक!" मग तिनं दोन्ही पानं तळहातावर शेजारी ठेवली. तरोट्याच्या पानाला पर्णिकांच्या तीन जोड्या, टोक गोल, देठाकडे निमुळती. कासविंद्याला चार-पाच जोड्या आणि प्रत्येक पर्णिकेचं टोक अणकुचीदार. तरोट्याची शेंग बारीक, लांब, विळ्यासारखी वाकलेली. कासविंद्याची चपटी आणि वर तोंड करून उभी. तरोटासुद्धा फक्त पहिल्या पावसानंतरचा, कोवळा, उकडून पाणी पिळून टाकलेला. आजीला धुरिन माहीत नव्हतं आणि ऑक्झलेटही. पिळायचं असतं हे माहीत होतं.

"जंगलात खायला उरलं नाही म्हणून रोही आणि हरणं शेतात येतात." गेल्या काही वर्षांत प्रत्येक पारावर ऐकू येणारं वाक्य. रोही म्हणजे नीलगाय (नावात गाय असली तरी ते कुरंगच) आणि आपण ज्याला हरीण म्हणतो ते काळवीट, दोन्ही मुळात मोकळ्या माळाची जनावरं. ती जंगलातून हाकललेली नाहीत. त्यांचं घर होतं ते गायरान आणि पडीक माळ. तिथंच आपण सोयाबीन पेरलं. आता त्यांच्या बाजूनं बघा: माळावरचं कुसळी गवत दिवसभर हिंडून खायचं, की एकाच जागी उभ्या असलेल्या हरभऱ्याचे रसरशीत घाटे? मावशींचाच हिशोब. म्हणून माळावर चार गवताचे वाफे राखले की रोही तिकडे वळेल, ही आशाही भाबडी आहे. रानडुकराचं निराळं; त्याला दाण्याबरोबर मातीतल्या अळ्या, कंद आणि भुईमुगाच्या शेंगाही हव्या असतात, म्हणून ते खातं त्याहून जास्त उलथून टाकतं.

मग शेतकरी कुंपणाला जुन्या साड्या बांधतो. पहिले काही दिवस त्या चालतात, पुढं नाही. चरणारं जनावर पोटाबरोबर भीतीचाही हिशोब ठेवतं. जिथं धोका वाटतो तिथं ते थोडं खाऊन निघून जातं, आणि धोका खोटा आहे हे कळलं की मुक्काम वाढवतं. साडी रोज त्याच जागी त्याच वाऱ्यावर हलते. म्हणून जागलीला अजून तोड नाही. पण थंडीत रात्रभर बॅटरी घेऊन बसणाऱ्याला हे शास्त्र सांगायला जाऊ नये. त्याला भरपाई वेळेत हवी असते.

मुंग्यांबद्दलचा समज थोडक्यात. सगळ्या मुंग्या धान्य साठवत नाहीत. साठवणाऱ्या निराळ्याच, आणि त्यांची एक जुनी नोंद आपल्या पुण्यातली आहे. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं पाहिलं की, पाऊस उघडल्यावर मुंग्यांनी वारुळातलं भिजलेलं गवताचं बी बाहेर आणून उन्हात वाळत घातलंय. त्या मुंगीच्या शास्त्रीय नावात त्यानं 'तरतूद करणारी' असा अर्थ घातला. बांधावर बिळाच्या तोंडाशी टरफलांचं कडं दिसलं की ते अशा साठवणाऱ्या मुंग्यांचं घर.

आता शेवटचा गैरसमज, मला सगळ्यात जास्त खटकणारा: "सरवा वेचणं म्हणजे भीक, नाहीतर चोरी." काढणी झाली, कडबा गंजीला लागला की रानात राहिलेली कणसं, तुरीच्या, भुईमुगाच्या शेंगा म्हणजे सरवा. तो वेचायला भूमिहीन बाया-पोरं यायची आणि मालक अडवत नसे. पेंढ्या हलल्याशिवाय रानात शिरायचं नाही, शिरल्यावर मालकानं तोंड उघडायचं नाही, असा दोन्हीकडून पाळलेला रिवाज. बायबलच्या जुन्या करारातही शेताचे कोपरे न कापता गरिबांसाठी सोडावेत अशी आज्ञा आहे. इंग्लंडमध्ये मात्र 1788 मध्ये न्यायालयानं ठरवलं की असा सर्वसाधारण हक्क कुणाला नाही. आमच्याकडे खटला झाला नाही. यंत्रं आली, सोयाबीन आलं, आणि सोयाबीनच्या सरव्याची भाकरी होत नाही. तरी पोरं त्याही शेंगा वेचतात आणि पायलीभर झाल्या की दुकानात घालतात.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो तेव्हा मावशी दिसल्या. खुरपणी कमी झालीय. सोयाबीनमध्ये तणनाशक मारलं की पंधरा बायांचं काम एक गडी पंप पाठीला लावून करतो. मजुरी गेली तशी ओच्यातली भाजीही गेली. मावशी बांधालगत, जिथं पंपाची नळी नीट पोचत नाही त्या हात-दोन हात पट्टीत वाकल्या होत्या. मी गप्पा मारायला थांबलो. त्यांनी कुंजरीच्या शेंड्याला हात घातला, मग तसाच मागं घेतला आणि पलीकडच्या रानात उभ्या असलेल्या पोराला हाक मारली, "हिकडं फवारलंय का रे?"

पोरगं म्हणालं, "परवा."

त्या उठल्या आणि रस्त्यापलीकडच्या बांधाकडे चालू लागल्या.