गाण्यातला दुसरा अर्थ

गाण्याला दोन अर्थ असतात हे आपल्या माणसांना कोणी शिकवावे लागत नाही. भारूड, लावणी, जलसा यांवर वाढलेला श्रोता वरचा अर्थ ऐकता ऐकता आतला अर्थ उचलतो. मात्र तो आतला अर्थ खरोखर गाण्यात आहे की ऐकणाऱ्याच्या मनात, हे ठरवायचे कसे?

मी सिंदी मेघे येथे राहतो आणि महाविद्यालयात मराठी शिकवतो. घरातला पहिला पदवीधर आहे. माझे विद्यार्थी इंग्रजी रॉक गाणी ऐकतात आणि कुठल्या ओळीत नशा, कुठल्या ओळीत बंड दडले आहे यावर वाद घालतात. पाठ्यपुस्तकातला श्लेष येथे पुरत नाही. श्लेष एका शब्दापुरता असतो. गाण्यातला दुसरा अर्थ सबंध रचनेत, प्रसंगात आणि श्रोत्यांत पसरलेला असतो.

‘रॉक’ आणि ‘रोल’ हे शब्दच पाहा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत ते नाचासाठी होते, तसेच शरीरसंबंधासाठीही. ज्यांना उघड बोलण्याची मुभा नसते, ते शब्दाला अस्तर लावतात. पण अस्तर नसलेल्या ठिकाणीही ते शोधले जाते. रिचर्ड बेरी या कृष्णवर्णीय गायकाचे ‘लुई लुई’ हे गाणे १९५७ साली निघाले. प्रेयसीकडे परतू पाहणारा खलाशी त्यात आपली व्यथा सांगतो. १९६३ साली ‘द किंग्जमेन’ या गोऱ्या तरुणांच्या संचाने ते अस्पष्ट उच्चारांत गायिले. गाण्यात अश्लील शब्द आहेत अशी ओरड पालकांनी केली. एफबीआयने तपास केला आणि शब्द कळतच नाहीत, असा निष्कर्ष काढला. म्हणजे अश्लीलता ऐकणाऱ्यांच्या भयात होती.

याउलट अण्णा भाऊ साठे यांची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. मुंबईला आलेला मजूर गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो, हा वरचा अर्थ. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ती गायिली गेली. शेवटाकडे कवी स्वतःच बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांच्या ताटातुटीशी मैनेच्या विरहाची सांगड घालतो. येथे दुसरा अर्थ आपण लादत नाही. रचना स्वतः तो हाती देते. विशेष म्हणजे दुसरा अर्थ कळला म्हणून पहिला खोटा ठरत नाही. मजुराचा विरह खरा आहे, म्हणूनच प्रांताचा विरह श्रोत्याला भिडतो.

तिसरी बाजू कटू आहे. तमाशातल्या द्व्यर्थी बोलण्याला प्रस्थापित रसिक ‘लोककलेचा खट्याळपणा’ म्हणतात. पण फडावर उभी असलेली स्त्री बहुधा महार, मांग, कोल्हाटी असे, आणि पैसे फेकणारा गावातला मातबर. त्या दुसऱ्या अर्थाची किंमत तिच्या देहाने चुकवली. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाचे खेळ करून मदत देऊ केली, तेव्हा बाबासाहेबांनी ती नाकारली; अस्पृश्य स्त्रिया नाचवून मिळणारा पैसा त्यांना नको होता. आंबेडकरी जलशांनीही गौळण आणि शृंगार बाजूला सारून उघड, सरळ बोलणे स्वीकारले. ज्याला न्याय मागायचा आहे त्याला कधी कधी एकच अर्थ ठणकावून सांगावा लागतो.

म्हणून कोणत्याही गाण्याला तीन प्रश्न विचारावेत. दुसऱ्या अर्थाला रचनेत एकाहून अधिक ठिकाणी आधार आहे काय? ते केव्हा, कोणापुढे गायिले गेले? आणि त्या अर्थावर हसणारा कोण, सोसणारा कोण? पहिले दोन प्रश्न कोणताही चांगला समीक्षक विचारील. तिसरा आपण विचारला नाही, तर दुसरे कोणी विचारणार नाही.